ख्रिस्ती विद्यापीठात ॲडमिशन काउन्सेलरची नोकरी: होकार देण्याआधी काय विचारून घेऊ?

सुगंधा_नगर

नमस्कार मंडळी. मी नगरच्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात आहे. अकरावीचे प्रवेश, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म ही कामं माझ्याकडे असतात. पुण्याकडच्या एका ख्रिस्ती खाजगी विद्यापीठात ॲडमिशन काउन्सेलर म्हणून माझी निवड झाली आहे आणि ऑफर लेटर या आठवड्यात येईल. जाहिरातीत काम मोघम लिहिलं होतं. मुलाखतीत मात्र कॉलेजांना भेटी, एज्युकेशन फेअरमधले स्टॉल, रोजचे फॉलोअप कॉल आणि चर्चच्या तरुण संघापुढे जाऊन बोलणं, एवढं सगळं निघालं.

माझे वडील पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत. उपासनेनंतर चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून बोलायची मला सवय आहे. पण तिथे लोक मला पाळकांची मुलगी म्हणून ओळखतात आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मुलाची फी भरतील, हे मनावर दडपण आहे. या क्षेत्रातल्यांनी सांगा: टार्गेट असतं का? चर्चमधून विद्यार्थी आणणं योग्य वाटतं का? आणि माझी एक मैत्रीण हिंदू आहे, तिलाही हेच काम करायचंय, तिला घेतील का?

दक्षिणवारी

सुगंधाताई, मी बरीच वर्षं एका ख्रिस्ती अभिमत (डीम्ड) विद्यापीठाच्या प्रवेश विभागात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की विद्यापीठ कुठल्या परंपरेचं आहे, कारण 'ख्रिस्ती विद्यापीठ' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या संस्था येतात. बंगळूरचं क्राइस्ट हे सीएमआय या केरळमधल्या कॅथलिक संघाचं. १९६९ साली कॉलेज म्हणून सुरू झालं, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, आपल्याकडे लवासाला त्यांचा कॅम्पस आहे. तिथे येणारी बहुसंख्य मुलं ख्रिस्ती नसतात आणि अर्ज जागांपेक्षा खूप जास्त येतात. अशा ठिकाणी तुमचं काम मुख्यतः निवड प्रक्रिया नीट चालवण्याचं असतं: परीक्षा, मुलाखती, कागदपत्रं. याउलट पुण्यात औंधला स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ आहे. त्याचं मूळ १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेल्या शाळेत आहे. १९४२ साली ती संस्था पुण्यात आली आणि २०१४ च्या राज्याच्या कायद्याने विद्यापीठ झाली. ॲडव्हेंटिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ. ते लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात. म्हणजे नोकरदार पालकांना ज्या दिवशी सवड असते त्याच दिवशी अशा संस्थांचं ऑफिस बंद. भेटींचं सगळं वेळापत्रक त्याभोवती बसवावं लागतं. तुमचं विद्यापीठ कुठलं ते इथे लिहू नका, पण त्याच्या परंपरेची माहिती स्वतः काढा.

आता टार्गेट. लहान आणि नव्या विद्यापीठांत ते असतंच. मुलाखतीत 'टार्गेट असं काही नाही' म्हणतात आणि जूनमध्ये रोज संध्याकाळी आकडा मागतात. म्हणून ऑफर लेटर हातात आल्यावर लेखी विचारा: पगाराचा काही भाग प्रवेशांच्या संख्येवर अवलंबून आहे का? 'हो' असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नाही म्हणा. मुलाला न झेपणाऱ्या कोर्सला बसवलं तर तुमचे पैसे वाढतात, अशी व्यवस्था चांगल्या माणसालाही हळूहळू वाकवते. संख्येचा आढावा घेणं वेगळं आणि दर प्रवेशामागे रक्कम देणं वेगळं.

बाहेरचे एजंट आहेत का, हेही विचारा. ईशान्येतली मुलं पुण्या-बंगळूरला मोठ्या संख्येने येतात. मिझोराम, नागालँड, मेघालय या ख्रिस्तीबहुल राज्यांतल्या घरांना ख्रिस्ती कॅम्पसचा आधार वाटतो. तिथल्या गावात एजंट काय सांगून आला होता, ते मुलगी बॅगा घेऊन कॅम्पसवर उतरते तेव्हा आपल्याला कळतं. तिच्या आईला एजंटचा चेहरा आठवत नसतो, तुमचा फोन नंबर मात्र तिच्याकडे असतो.

कामाचं वर्ष कसं जातं तेही सांगतो. नोव्हेंबर ते जानेवारी कॉलेजांच्या भेटी, फेब्रुवारी-मार्च बारावीची परीक्षा म्हणून शांत, एप्रिलपासून फोन सुरू, मे महिन्यात निकाल लागला की जेवायला वेळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सीईटीच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या) फेऱ्या चालू असतात. तेव्हा आपल्याकडे पैसे भरलेली मुलं सरकारी किंवा अनुदानित जागा मिळाली की निघून जातात. नवख्या काउन्सेलरला ते मनाला लागतं. लावून घेऊ नका. त्यांना नीट निरोप द्या, पैसे वेळेत परत मिळवून द्या. पुढच्या वर्षी त्यांचीच धाकटी भावंडं येतात.

केशरबाग

मैत्रिणीबद्दल. मी स्वतः हिंदू, गेली काही वर्षं एका ख्रिस्ती संस्थेच्या प्रवेश कार्यालयात आहे. भारतात प्रशासकीय जागांवर सगळ्या धर्मांची माणसं दिसतात, तिने खुशाल अर्ज करावा. सकाळची प्रार्थना, नाताळचा कार्यक्रम, संस्थापकांचा दिवस यांना आम्ही सगळे उभे असतो. मला त्याचा कधी त्रास वाटला नाही.

पालकांकडून मात्र एक प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा आई बाहेर गेल्यावर वडील हळूच विचारतात: "मॅडम, मुलीला चर्चमध्ये जावं लागेल का?" याला गुळमुळीत उत्तर देऊ नका. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे, सरकारमान्य संस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांना असू शकतो, तो वेगळा. वसतिगृहात संध्याकाळी प्रार्थना होते का, तिथे हजेरी घेतात का, मेसमध्ये काय शिजतं, हे रुजू झाल्यावर स्वतः जाऊन बघा आणि जे आहे तेच सांगा. ऑफिसमध्ये बसून "सगळं ऐच्छिक आहे हो" म्हणणारे पुष्कळ असतात. मुलीला वॉर्डनने प्रार्थनेला उठवल्यावर घरून फोन येतो तो आपल्यालाच.

लेकव्ह्यू_मिशिगन

इकडे अमेरिकेत असल्या विद्यापीठांत हे काम करणाऱ्याला ॲडमिशन्स काउन्सेलरच म्हणतात. शरद ऋतूत गाडी घेऊन हायस्कूलं आणि चर्च फिरायची, नंतर अर्ज वाचायचे. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांना श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. मैत्रिणीच्या बाबतीत भारत आणि अमेरिका यांत हा मोठा फरक.

दक्षिणवारी म्हणतात त्या मुद्द्याला जोड देते. केंद्र सरकारची विद्यार्थी मदत घेणाऱ्या कॉलेजांना प्रवेशाच्या संख्येवर काउन्सेलरला कमिशन द्यायला इथे १९९२ पासून कायद्याने बंदी आहे. पण परदेशात राहणाऱ्या, ही मदत न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या भरतीला त्यातून सूट आहे. म्हणजे भारतातल्या मुलासाठी एजंटला कमिशन मिळू शकतं. तुमच्याच तरुण संघातल्या कोणाला अमेरिकन ख्रिस्ती कॉलेजचा 'प्रतिनिधी' भेटला, तर त्याला पैसे कोण देतं हे विचारायला सांगा.

सुगंधा_नगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पगाराचं लेखी विचारते. केशरबागताई, वसतिगृह बघायचं माझ्या डोक्यातच नव्हतं.

माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. चर्चमध्ये बोलायचं म्हटलं तर नेमकं काय बोलू? आमच्या मंडळीत शेतमजूर आहेत, नर्स आहेत, रिक्षा चालवणारे आहेत. फीचा आकडा ऐकून ते गप्प होतील आणि मग कर्ज काढतील.

पंडिता_वाचक

सुगंधा, मीही पाळकाच्या घरातली, आणि आता निवृत्त मुख्याध्यापिका. तुला वाटतंय ते दडपण बरोबर आहे. ते घेऊनच काम कर.

चर्चमध्ये बोलायला उभी राहशील तेव्हा आधी पाळकांची परवानगी घे आणि उपासना संपल्यावर बोल, उपदेशाच्या आत नको. "देवाने तुमच्या मुलासाठी हे दार उघडलंय" असं वाक्य एखादा वरिष्ठ तुला शिकवेल. ते बोलू नकोस. प्रवेश हा व्यवहार आहे, त्याला देवाचं नाव जोडलं की समोरच्या आईला नाही म्हणता येत नाही.

आणि फीचा पूर्ण कागद वाटायचा: शिक्षण फी, परीक्षा फी, वसतिगृह, मेस, अनामत, सगळ्या वर्षांचे मिळून. फक्त पहिल्या सत्राचा आकडा सांगणं ही फसवणूक आहे असं मी मानते.

शिष्यवृत्तीचं तू ज्युनियर कॉलेजात करतेसच, म्हणून तुला हे चटकन कळेल. लोक धरून चालतात की महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) फॉर्म भरला की फी माफ. जुलै २०२४ मध्ये राज्याने ठरावीक गटांतल्या मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, त्यातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. आपल्या समाजात आणखी एक अडचण असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. आजोबांच्या दाखल्यावर एक जात, वडिलांच्या दाखल्यावर 'ख्रिश्चन', अशी घरं नगर जिल्ह्यात कमी नाहीत. अशा घराला "बघू, होऊन जाईल" म्हणू नकोस. कागद आधी बघ. मग विद्यापीठाची स्वतःची सवलत किती आणि ती दुसऱ्या वर्षी टिकते का, हे लेखी घेऊन दे.

दक्षिणवारी

बाईंनी लाख मोलाचं सांगितलं. फी परतीचे नियमही पाठ करून ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर १०० टक्के फी परत, तीही प्रक्रिया शुल्क म्हणून ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे काही नाही. मूळ दाखले संस्थेने ठेवून घ्यायचे नाहीत, तपासून लगेच परत द्यायचे. तुमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात याहून वेगळं छापलेलं दिसलं तर रुजू होण्याआधी विचारा. उत्तर कसं मिळतं त्यावरून संस्था कळेल.

केशरबाग

अजून एक. कॉलेजच्या भेटीत प्राचार्य कधीकधी बारावीच्या मुलांची नावं-नंबरांची यादीच हातात देतात. घेऊ नका. बारावीतली बरीचशी मुलं १८ च्या आतली असतात आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी आहे. स्टॉलवर स्वतःहून फॉर्म भरून देणारी मुलं आणि त्यांचे पालक, एवढेच नंबर सीआरएममध्ये (संपर्क नोंदवायच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाका. यादी छोटी होते, पण फोनवर लोक नीट बोलतात.

आणि क्राइस्टसाठी विचारणारे पालक भेटलेच तर त्यांना सांगा, की क्राइस्टची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि २०२२ पासून सुरू झालेली केंद्रीय परीक्षा, दोघींना सीयूईटीच म्हणतात. चुकीच्या परीक्षेचा फॉर्म भरून वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

सुगंधा_नगर

ऑफर लेटर आलं. त्यात 'कामगिरीवर आधारित भत्ता' असा शब्द आहे. एचआरला आत्ताच मेल केलाय, की हा भत्ता प्रवेशांच्या संख्येवर आहे का ते लेखी कळवा आणि सही करण्याआधी मुलींचं वसतिगृह बघू द्या. सोमवारपर्यंत थांबते. उत्तर आलं की इथे टाकते. तोवर कोणाकडे पूर्ण फीचा चांगला नमुना-कागद असेल तर व्यनि करा, आमच्या मंडळीच्या भाषेत तो नीट मराठीत करून घेते.