तुमच्या शेजारच्या आंटी : अनुभव लिहा

मोत माउलीची, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा लागली की मला माहीमच्या आमच्या चाळीतल्या ख्रिस्ती आंटी आठवतात. नन वगैरे नव्हत्या. नोकरी, नवरा, तीन पोरं सांभाळणारी संसारी बाई. दर सप्टेंबरला वांद्र्याला जाताना माझ्या आजीच्या गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहायच्या. आजी पक्की विठ्ठलभक्त, पण पायाचे पैसे आठवणीने द्यायची. गुडघा काही बरा झाला नाही. पाय मात्र दरवर्षी गेला.

अशा आंटी तुमच्याही ओळखीच्या असतील. लिहा. संत करून टाकू नका, भांडणंही येऊ द्या. आतापर्यंत आलेले काही अनुभव खाली.

कालिन्याहून
26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी. वरच्या आंटींच्या दीड खोलीत आम्ही अकरा जण. त्यांच्याकडे भात आणि सुक्या बोंबलाची चटणी, माझ्या सासूबाई कट्टर शाकाहारी. आंटींनी माळ्यावरून कोरा कुकर काढला, सासूबाईंपुढे ठेवला. "तुम्हीच लावा, मी हात लावत नाही." सासूबाईंनी सगळ्यांसाठी खिचडी लावली.

सोलापूरहून
वडिलांना घेऊन परळला टाटा हॉस्पिटलला आलो, तेव्हा फुटपाथवरच मुक्काम होता. डबे वाटणारे बरेच यायचे. एक बाई मात्र डबा न आणता यायच्या. कुठल्या खिडकीवर कुठला कागद, हे सांगायच्या, रांगेत उभ्या राहायच्या. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून गोळ्यांच्या पाकिटांवर त्यांनी सूर्य आणि चंद्र काढून दिले. गळ्यात क्रॉस होता एवढंच आठवतं. नाव विचारायचं राहिलं.

मालाडहून
मी अशाच एका आंटींबरोबर सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी या गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत आठ वर्षं होते. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन 1833 साली पॅरिसमध्ये सुरू केलेलं हे काम. सभेत एक थैली फिरते. प्रत्येकाने मूठ बंद ठेवून आत हात घालायचा; कोणी किती टाकले, टाकले की नाही, कळत नाही. गरजू घरी जायचं ते दोघांनी मिळून. आंटी घरात वही कधीच काढायच्या नाहीत. जिना उतरल्यावर, खालच्या पायरीवर बसून लिहायच्या.

एकदा जोरात भांडलो. दारू पिणाऱ्या एका माणसाचं भाडं त्यांनी तिसऱ्यांदा भरायला लावलं. मी म्हटलं, वाया जाणार. त्या म्हणाल्या, "खोलीत पोरंपण राहतात ना?" पैसे वायाच गेले. तरी पोरांचं वर्ष त्या खोलीत पुरं झालं.

गोराईहून
मी अशाच एका बाईची मुलगी, म्हणून जरा कडू लिहिते. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला आई दुसऱ्याच मुलीला केंद्रावर सोडायला गेली होती, कारण तिला आई नव्हती. मला होती, पण त्या सकाळी नव्हती. हे मी तिला कधी बोलले नाही.

मे महिन्यात अंगणभर मिरच्या वाळायच्या. भाजून, कांडून, बिअरच्या बाटल्यांत बाटली मसाला ठासायचा. निम्म्या बाटल्या विकून कुणाची तरी फी भरायची, उरलेल्यांतल्याही परस्पर वाटून टाकायची. पप्पा म्हणायचे, गावभर आपलं कालवण शिजतं आणि आपल्या घरी आमटी.

आई गेल्यावर महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, एक अनोळखी बाई आली. पिशवीतून धुतलेली रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. "परत द्यायची राहिली होती."

येत्या मेमध्ये मावशीकडून मसाल्याचं प्रमाण घेणार आहे. तिच्या मते आई मिरची जास्तच घालायची.