ब्रिटिश लष्करी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांचा संग्रह: सुरुवात कोणत्या पिस्तुलापासून करावी?

लोहसंग्रही:
नमस्कार. मी ब्रिटनमध्ये राहतो. पहिल्या महायुद्धापर्यंतच्या ब्रिटिश लष्करी सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटताच पुढची आपोआप भरणाऱ्या) पिस्तुलांचा छोटा पण नेमका संग्रह करावा, असे बरेच दिवस मनात आहे. सध्या एका लिलावाच्या यादीतील दोन वस्तूंवर लक्ष आहे. पहिले वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचे .४५५ मार्क १ असून त्यावर १९१३ हे साल व नौदलाची ‘एन’ ही खूण आहे. मात्र त्याचा काळा मुलामा कडांवरून पार गेलेला आहे. दुसरे त्याच पिस्तुलाचे मार्क १ नंबर २ आहे, मुठीच्या मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता जोडण्याची खाच असलेले आणि अगदी नव्यासारखे काळेभोर. दुसऱ्याची अंदाजित किंमत बरीच जास्त आहे. यांपैकी कोणते निवडावे, खरेपणा कशावरून ओळखावा आणि कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिक्केवाचक:
आपला प्रश्न वाचून पहिले मत असे झाले की, दुसऱ्या पिस्तुलाचे तेजच त्याच्याविषयी शंका उत्पन्न करते. रॉयल नेव्हीने १९१२ मध्ये स्वीकारलेले हे पिस्तूल मुळातच मोजक्या संख्येने बनले. सर्व मिळून दहा हजारांचा आकडाही गाठला गेला नाही. त्यातही रॉयल हॉर्स आर्टिलरीसाठी (घोड्यांनी ओढायच्या तोफांचे दल) तयार झालेले नंबर २ तर काही शेच असावेत, आणि जी वस्तू इतकी दुर्मीळ असते तिची नक्कल करण्याचा मोहही तितकाच मोठा असतो. नुसती खाच पाहून विश्वास ठेवू नका. नंबर २ मध्ये मागची माशी (नेम धरण्याची खाच) अंतरानुसार फिरवून बसवता येते आणि पिस्तुलाच्या घोड्यावर (हॅमरवर) वेगळी सेफ्टी असते. ही तीनही वैशिष्ट्ये एकाच पिस्तुलावर, एकाच जुनेपणाची दिसली पाहिजेत. खाचेच्या आतल्या कडा धारदार असून बाहेरचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत झालेला असेल, तर ती खाच नंतर पाडलेली आहे असे समजायला हरकत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे शिक्के. रुंद बाणाची खूण म्हणजे सरकारी मालमत्ता, आणि टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे ती मालमत्ता सेवेतून काढून विकल्याची नोंद. अशा विक्रीनंतर ब्रिटनमध्ये नागरी बाजारात येणाऱ्या शस्त्राची बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाउसमध्ये (शस्त्राची मजबुती तपासणारी अधिकृत संस्था) चाचणी होऊन त्यांचे शिक्केही उमटत. म्हणजे लष्करी शिक्का, मग सुटकेचा शिक्का, मग नागरी शिक्का, असा पिस्तुलाचा प्रवास धातूवर वाचता येतो. पुन्हा मुलामा देण्यापूर्वी पृष्ठभाग घासतात, आणि त्या घासण्यात या खुणांच्या कडा बुजतात. झिजलेल्या पण स्वच्छ वाचता येणाऱ्या शिक्क्यांचे पिस्तूल मी चकचकीत पिस्तुलापेक्षा केव्हाही पसंत करीन.

पाहणीच्या वेळी दोन जागा आवर्जून पाहा. या पिस्तुलात मागे-पुढे होणाऱ्या स्लाइडला परतवणारी स्प्रिंग नळीभोवती गुंडाळलेली नसून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची आहे आणि ती उजव्या मुठीच्या पट्टीखाली बसते. त्यामुळे तिथली मूळ पट्टी तडकलेली वा बदललेली नाही ना, हे तपासावे. दुसरी जागा मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी. मॅगझीनला दोन टप्प्यांवर अडकवता येते: खालच्या टप्प्यावर ठेवून एकेक काडतूस वरच्या खिडकीतून भरावे आणि आतली सात काडतुसे राखीव ठेवावीत, अशी त्यामागची कल्पना. दुसरीकडून आणलेले, न जुळणारे मॅगझीन या दोन्ही टप्प्यांवर नीट अडकेलच असे नाही.

कलमदान:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण बोली लावण्यापूर्वी कायदा पाहा. स्कॉटलंडमधील डनब्लेनच्या शाळेत १९९६ मध्ये झालेल्या गोळीबारानंतर १९९७ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमध्ये बहुतेक सर्व हँडगन खाजगी मालकीतून गेल्या. ऐतिहासिक शस्त्रांसाठी त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये सवलत आहे. पोटकलम १ नुसार, १ जानेवारी १९१९ पूर्वी बनलेले आणि ज्याचे काडतूस सहज मिळत नाही असे शस्त्र संग्रहाचा भाग म्हणून परवान्यावर ठेवता येते. पोटकलम ३ नुसारचे, म्हणजे विशेष दुर्मीळ किंवा ऐतिहासिक महत्त्वाचे शस्त्र नेमून दिलेल्या जागीच ठेवावे लागते. आपले पिस्तूल नेमके कुठे बसते, हे स्थानिक पोलिसांच्या परवाना विभागाकडून लेखी घ्या. लिलावगृहाच्या यादीतील एका ओळीवर विसंबणे योग्य नाही.

निष्क्रिय केलेले (गोळी झाडता येणार नाही असे कायमचे बंद केलेले) पिस्तूल घेण्याचा पर्यायही आहे, परंतु जुन्या पद्धतीने निष्क्रिय केलेली शस्त्रे नव्या निकषांत बसवून प्रमाणपत्र घेतल्याशिवाय सर्वसाधारणपणे विकता येत नाहीत. कॅनडातील टोरांटोच्या इंग्लिस कारखान्यातील ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल पुढे कधी संग्रहात यावे असे वाटत असेल, तर घरी ठेवण्यासाठी मुख्यतः हाच मार्ग उरतो, कारण ते दुसऱ्या महायुद्धातील असल्याने पोटकलम १ मध्ये बसत नाही.

लोहसंग्रही:
दोघांचेही आभार. १९१९ ची रेषा इतकी निर्णायक असेल याची कल्पना नव्हती. त्या रेषेच्या आत राहून पुढे काय जमवता येईल?

शिक्केवाचक:
वेब्लीच्या शेजारी ठेवायला सर्वांत योग्य म्हणजे युद्धकाळात ब्रिटनने अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडून मागवलेले .४५५ चे पिस्तूल. त्याच्या क्रमांकाआधी ‘डब्ल्यू’ असते आणि बाजूला ‘कॅलिबर ४५५’ असे कोरलेले असते. ते नौदलात व रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (लष्कराचे हवाई दल) वापरले गेले, आणि पुढे काहींवर ‘आरएएफ’ (रॉयल एअर फोर्स) ची खूणही आली. अमेरिकेत गेलेल्यांपैकी अनेकांचे .४५ एसीपी या अमेरिकन काडतुसासाठी रूपांतर झाले, त्यामुळे नळी व मॅगझीन मूळचेच आहे ना, हे इथेही पाहावे लागते.

गॅबेट-फेअरफॅक्सचे मार्स हे पिस्तूल मात्र स्वप्नच समजा. जवळपास ऐंशीच बनली, लष्कराने चाचणी घेऊन नाकारली, आणि रिकामी काडतुसे थेट नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे फेकणाऱ्या त्या यंत्राकडे पाहिल्यावर लष्कराचा निर्णय चुकीचा वाटत नाही. काही संग्राहक वेब्ली-फॉस्बेरीही या मालिकेत धरतात. ती रचनेने रिव्हॉल्व्हरच आहे. बार झाल्यावर वरचा भाग मागे सरकून सिलिंडर त्यावरील नागमोडी खाचांमुळे फिरतो. लष्कराने ती अधिकृतपणे स्वीकारली नाही, अधिकाऱ्यांनी स्वखर्चाने घेतली, म्हणून माझ्या मते ती वेगळ्या कपाटात शोभेल.

सध्या १९१३ च्या नौदल पिस्तुलाच्या डाव्या बाजूचे, मुठीच्या मागच्या भागाचे आणि मॅगझीन बाहेर काढलेल्या स्थितीतील छायाचित्रे लिलावगृहाकडून मागवा. ती मिळाली की इथे टाका, शिक्के एकत्र वाचू.