पॉवर योगा सुरू करतोय : अंगाला कितपत झेपेल? (नाशिक)

गोदाकाठ४१

गंगापूर रोडला घराजवळ पॉवर योगाचा वर्ग सुरू झालाय. सकाळी सव्वासहा ते सव्वासात, आठवड्यातले पाच दिवस. वय ४१, वजन ७० किलो, काम दिवसभर बसून. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज अर्धा तास चालणं आहे आणि बारा सूर्यनमस्कार सावकाश जमतात. बीपी, शुगर, पाठीचं दुखणं यांतलं काही नाही. वर्गाच्या पत्रकावर "तासाला ७०० कॅलरी" असं छापलंय.

हा प्रकार नेहमीच्या योगासनांपेक्षा किती दमवणारा असतो? पाचही दिवस जावं का? आणि नवखी माणसं नेमकी कुठे चुकतात, कशामुळे दुखापत होते? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

समस्थिती

बारा सूर्यनमस्कार जमतात म्हणजे पाया आहे, पण तेवढ्यावरून या वर्गाचा अंदाज बांधू नका. नेहमीच्या वर्गात एक आसन झालं की अंग सैल सोडायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही. एका आसनातून दुसऱ्यात जाताना मध्ये विन्यास येतो : चतुरंग दंडासन (फळीसारखं सरळ अंग हातांवर तोलत खाली उतरणं), ऊर्ध्वमुख श्वानासन (छाती वर उचलणं), अधोमुख श्वानासन (हात-पाय टेकून कंबर वर). दमवतं ते हे, वेग नव्हे.

हिशेब मांडून बघा. बरेच वर्ग अष्टांग विन्यासाच्या धर्तीवर सुरू होतात, पाच सूर्यनमस्कार 'अ' आणि पाच 'ब'. 'अ'मध्ये चतुरंग एकदा येतं. 'ब'मध्ये दोन्ही बाजूंचं वीरभद्रासन असल्यामुळे तीनदा. ५ आणि १५ मिळून नुसत्या सूर्यनमस्कारांतच २० चतुरंग झाली. पुढे प्रत्येक बाजू संपल्यावर विन्यास घातला तर तासाभरात चाळिशी सहज गाठली जाते. आपल्याकडच्या बारा स्थितींच्या सूर्यनमस्कारात त्या जागी साष्टांग असतं. गुडघे आणि छाती टेकल्यामुळे हातांवर फारसा भार येत नाही. चतुरंगात खाली उतरल्यावर शरीराच्या वजनाचा साधारण पाऊण भाग हातांवर असतो, तुमच्या बाबतीत पन्नासेक किलो. तयारी नसलेल्या खांद्याला हे चाळीस वेळा झेपत नाही.

म्हणून पाच दिवस नको. पहिले सहा आठवडे एक दिवसाआड, आठवड्याला तीनच दिवस जा. स्नायू लवकर तयार होतात, पण ते हाडाला जिथे बांधलेले असतात त्या कंडरांना जास्त वेळ लागतो. दुखणं बहुधा याच फरकातून उभं राहतं : ताकद वाढल्यासारखी वाटते, माणूस भार वाढवतो आणि कंडरा कुरकुरायला लागते. पहिले दोन आठवडे 'अ' तीन आणि 'ब' दोनच घाला, तेही गुडघे टेकवून. एवढ्यातही नऊ चतुरंग होतात. बाकीच्या वेळी विन्यास गाळून सरळ अधोमुख श्वानासनात जा. चांगला शिक्षक यावर हरकत घेत नाही.

किती झेपतंय हे श्वासावरून ओळखायचं. या वर्गात श्वास उज्जायी पद्धतीने घेतात : तोंड मिटलेलं, घसा किंचित आवळलेला, आवाज शेजारच्याला जेमतेम ऐकू येईल इतका. एका हालचालीला एक श्वास, आसनात पाच. तोंड उघडलं किंवा श्वास कोंडला की बालासनात (गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला) जा, पाच श्वास घ्या आणि परत या. श्वास कोंडून जोर लावल्यावर रक्तदाब एकदम चढतो. म्हणूनच बीपी किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वर्गात येऊ नये.

तालीमवाला

नाव विलायती आहे आणि यात यम-नियम, प्राणायामाला जागा कमी, एवढं माहीत असून जावं. व्यायाम म्हणून चांगलाच आहे.

एक उणीव मात्र कोणी सांगत नाही. यात सगळं ढकलणं आहे, ओढणं जवळपास नाहीच. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग तयार होतो, वरची पाठ मागे राहते. बसून काम करणाऱ्याचे खांदे आधीच पुढे झुकलेले असतात, त्यात ही भर. आठवड्यातून दोनदा बारला लटका, दोरी किंवा मल्लखांब जवळ असेल तर उत्तमच. नाहीतर रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे नेत १२-१५ वेळा ओढा, अशा तीन फेऱ्या.

आणि जोर मारायची सवय असेल तर ती इथे आणू नका. जोर मारताना छाती जमिनीलगत सरकत पुढे जाते. चतुरंगात अंग फळीसारखं सरळ खाली येतं आणि तिथेच थांबतं.

समस्थिती

नावाबद्दल सहमत. १९९० च्या आसपास अमेरिकेत बेरिल बेंडर बर्च आणि ब्रायन केस्ट या दोघांनी ते रूढ केलं. पण दोघंही आले ते पट्टाभी जोइस (१९१५–२००९) यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीतून, आणि जोइस यांचे गुरू टी. कृष्णम्माचार्य हे १९३० च्या दशकात मैसूरच्या राजाश्रयाने योगशाळा चालवत होते. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार त्यांचेच शिष्य. तेव्हा मूळ इथलंच आहे. सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून घरोघरी नेण्यासाठी औंधच्या पंतप्रतिनिधींनी केलेली खटपट तर मराठी माणसाला सांगायला नको.

इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. अष्टांगात आसनांचा क्रम ठरलेला असतो. पॉवर योगात तो शिक्षक ठरवतो, त्यामुळे सगळं शिक्षकावर येऊन पडतं. फी भरण्याआधी एक तास नुसता बसून बघा. शिक्षक वर्गात फिरून चुका दुरुस्त करतो की समोर स्वतःचाच व्यायाम उरकतो? गुडघे टेकवायला सांगतो का? शवासनाला निदान पाच-सात मिनिटं ठेवतो का? न विचारता पाठीवर दाब देऊन वाकवत असेल तर तो वर्ग सोडा. खोली हीटर लावून तापवत असतील तर तो हॉट योगा, वेगळा प्रकार. पॉवर योगात घाम हालचालीने यायला हवा.

खांदा_मनगट

दुखापतींचं विचारलंत म्हणून चतुरंगावरच जास्त लिहितो, कारण खांद्याच्या आणि मनगटाच्या तक्रारी तिथूनच निघतात.

आधी फळी : तळवे खांद्यांच्या खाली, बोटं फाकलेली, तर्जनी आणि अंगठ्याच्या मुळाशी दाब. दाब तिथे नसला की सगळं वजन तळव्याच्या टाचेवर, करंगळीच्या बाजूला सरकतं आणि दोन-तीन आठवड्यांत मनगट दुखू लागतं. आता पायाच्या बोटांवर जोर देऊन अंग दोन-तीन इंच पुढे न्या आणि मगच उतरा. हे पुढे सरकणं बहुतेक जण गाळतात. त्यामुळे कोपर मनगटाच्या मागे राहतं आणि सगळा ताण सांध्यावर येतो. कोपरं फासळ्यांना घासत मागे जावीत, बाहेर पंखांसारखी पसरू नयेत. दंड जमिनीला समांतर झाला, म्हणजे कोपरात काटकोन झाला, की थांबायचं. खांदा कोपराच्या खाली गेला तर त्याचा गोळा पुढे घसरतो आणि बायसेप्सची कंडरा घासली जाते. खांद्यात पुढून, बोटाने दाखवता येईल अशी कळ येत असेल तर कारण बहुधा हेच.

थांबण्याची जागा अंगवळणी पडावी म्हणून कोपरांच्या उंचीचा योगा ब्लॉक किंवा जाडजूड पुस्तक छातीखाली ठेवा. छाती टेकली की थांबा. कंबर खाली लोंबत असेल तर पोटाची ताकद अजून कमी आहे, गुडघे टेकवा. गुडघे टेकवल्यावरही खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ हवं, ढुंगण वर काढून नुसती छाती खाली नेली तर त्याचा उपयोग नाही.

उडी मारून मागे जाणं पहिले तीन महिने नको. पुढे शिकाल तेव्हा कोपरं वाकवूनच उतरा. ताठ हातांनी फळीत उतरलात तर धक्का थेट मनगट आणि कंबरेत जातो.

बाकी दोन जागा थोडक्यात. वीरभद्रासनात पुढचा गुडघा आत कलतो; तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा आणि घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नका. उत्तानासनात (उभ्याने पुढे वाकताना) पाय ताठ ठेवायच्या हट्टाने बसायच्या हाडापाशी, मांडीच्या मागच्या बाजूला दुखायला लागतं. लोक ते मोकळं करायला आणखी ताणतात आणि दुखणं महिनोन् महिने रेंगाळतं. गुडघे वाकवा, पोट मांडीला लागू द्या. अधोमुख श्वानासनातही टाचा टेकल्याच पाहिजेत असं नाही, पाठ लांब राहणं महत्त्वाचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर ते साहजिक आहे, तीन दिवसांत जातं. सांध्यात टोचणं, हाताला मुंग्या किंवा रात्री खांदा दुखून जाग येणं यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि दाखवून घ्या.

मोजमाप

७०० कॅलरीचं मनावर घेऊ नका. व्यायामाची तीव्रता मेटमध्ये मोजतात. १ मेट म्हणजे किलोमागे तासाला साधारण १ किलोकॅलरी. २०११ च्या कॉम्पेंडियममध्ये, म्हणजे कुठल्या हालचालीला किती मेट याच्या यादीत, हठयोगाला २.५ मेट, सूर्यनमस्काराला ३.३ आणि पॉवर योगाला ४ मेट दिले आहेत. तुमचं वजन ७०, म्हणजे ७० × ४ = २८० किलोकॅलरी. ताशी आठ किलोमीटरने धावणं ८.३ मेटचं, त्यात तासाला ५८० जातात. ७०० जाळायला तासभर ताशी दहाच्या आसपास धावावं लागेल.

वजन उतरवणं एवढाच हेतू असेल तर पॉवर योगा साधारण भरभर चालण्याच्याच तोडीचा आहे. पण त्यातून मिळणारी हातांची, पोटाची, मांड्यांची ताकद आणि तोल चालण्याने मिळत नाही. तीन तास म्हणजे १८० मिनिटं मध्यम व्यायाम, आठवड्याला किमान १५० मिनिटांची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यातच पूर्ण होते.

गोदाकाठ४१

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा आठवडे तीनच दिवस जाईन. आणखी दोन गोष्टी : सव्वासहाला जायचं तर खायचं काय? आणि मॅट कोणती घ्यावी? तळव्यांना घाम फार येतो.

समस्थिती

जड जेवणानंतर तीन तास जायला हवेत. पहाटे रिकाम्या पोटी चालेल. चक्कर येत असेल तर निघण्याआधी अर्धा तास अर्धं केळं किंवा दोन खजूर. वाटीभर पोहेसुद्धा तेव्हा नको, पुढे वाकताना घशाशी येतात. पाणी उठल्यावर एक पेला, वर्गात लागलंच तर घोटभर, बाकी नंतर.

मॅट ४ ते ५ मिलिमीटरची, खडबडीत पृष्ठभागाची घ्या. १० मिलिमीटरची मऊ मॅट शवासनाला सुखाची वाटते, पण तिच्यात तळवा रुततो, मनगट जास्त वाकतं आणि एका पायावर तोल राहत नाही. घामासाठी हाताखाली पातळ सुती पंचा किंचित ओला करून ठेवा, कोरडा कपडा मॅटवर सरकतो. पावसाळ्यात मॅट गुंडाळून ठेवली की वास धरते, पुसून पंख्याखाली उलगडून ठेवा.

आता थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा पुष्कळदा दहाच्या खाली असतो आणि वर्ग बहुतेक फरशीवर. थंड अंगाने थेट 'ब' सुरू केलं तर पोटरी किंवा मांडीची मागची शिर भरते. घरून चालतच जा, म्हणजे दहा मिनिटांत अंग तापतं. वर्गात मार्जारासन आठ-दहा वेळा आणि पहिले दोन सूर्यनमस्कार साष्टांगवाले, सावकाश. स्वेटर 'अ' संपल्यावर काढा आणि शवासनाच्या आधी पुन्हा घाला. पायमोजे मात्र मॅटवर पाय ठेवण्याआधी काढा, ते घालून वीरभद्रासन केलं तर मागचा पाय घसरतो.

खांदा_मनगट

मॅटबद्दल एकच पुरवणी. मनगट आधीपासून कुरकुरत असेल तर मॅटची पुढची कड दोनदा दुमडून तळव्याची टाच तिच्यावर आणि बोटं खाली फरशीवर ठेवा. मनगटाचा कोन कमी होतो. वर्गाआधी भिंतीला तळवे लावून वीसेक सेकंद हलका दाब, दोन-तीन वेळा.