अनुभव धागा : चर्च, मतं आणि सरकार – तुम्ही काय पाहिलंत?

नमस्कार मंडळी. परवा जालन्याच्या मोंढ्यात चहाला थांबलो होतो. एक जण म्हणाला, "आपल्याकडं ख्रिश्चन मूठभर, त्यांचं कसलं आलंय राजकारण?" दुसरा म्हणाला, "तिकडं ईशान्येला जाऊन बघा, चर्च म्हणेल ते सरकार." दोघांचंही ऐकीव. म्हणून हा धागा काढलाय. चर्चनं किंवा ख्रिस्ती संघटनांनी सरकारवर वजन टाकलेलं तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी पाहिलं असेल तर लिहा. धर्मांतरावरची भांडणं इथं नकोत, त्याला बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.

निवृत्त शिक्षक, जालना

सलाम. आमचं मूळ बेथेलचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात, हैदराबादला सालारजंग दिवाण असताना, जालन्याजवळ हे ख्रिस्ती गाव वसवलं. पणजोबा मांगवाड्यातून तिथं आले. जात मागं टाकली असं त्यांना वाटलं. आजूबाजूच्या गावांनी काही ती टाकू दिली नाही.

आता कागदाचं ऐका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे, असं कलम आहे. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. आम्ही बाहेरच. म्हणून १० ऑगस्टला चर्चमध्ये काळा दिवस पाळतात. मीसुद्धा काळी फीत लावून मोर्च्यात गेलोय, कलेक्टर कचेरीच्या फाटकापर्यंत. साहेबांनी निवेदन घेतलं, पोच दिली. ती पोच अजून माझ्या ट्रंकेत आहे. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला.

माझ्या सख्ख्या चुलत भावाच्या टीसीवर 'हिंदू मांग' लिहिलंय, माझ्या टीसीवर 'ख्रिश्चन'. रविवारी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो, एकाच पुस्तकातून गातो. त्याच्या पोराला एससीची शिष्यवृत्ती मिळाली, माझ्या पोराला नाही. भावाचा मला राग नाही. नाव घालताना त्या दिवशी हेडमास्तरांनी काय लिहिलं, तेवढाच काय तो फरक.

कंधारचा जवान, सध्या सुट्टीवर

ते मोंढ्यातले दुसरे भाऊ अर्धे बरोबर आहेत. २०२३ च्या विधानसभेला आमची कंपनी मिझोरामला होती. मी निवडणूक म्हणलं की आपल्याकडची डोळ्यापुढं आणलेली. डीजे, मटण, रात्रीची पाकिटं. तिथं उतरलो तर चिडीचूप. मला वाटलं, निवडणूक पुढं ढकलली की काय!

नंतर कळलं. तिथं मिझोराम पीपल फोरम नावाची संघटना आहे, प्रेस्बिटेरियन चर्चनं २००६ मध्ये उभी केलेली. पक्षांकडून ती करारावर सह्या घेते. दारोदार प्रचार करायचा नाही, खर्च हात राखून करायचा. एका संध्याकाळी बघितलं, एकाच मांडवात सगळे उमेदवार ओळीनं खुर्च्यांवर बसलेले. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, वेळ संपली की खाली. टाळ्यासुद्धा बेतानं. आमच्या तालुक्यातले दोन उमेदवार असे शेजारी बसवले तर आम्हालाच मधी उभं राहावं लागंल.

मोजणी ३ डिसेंबरला होती. तो निघाला रविवार. चर्च, पक्ष, सगळ्यांनी मिळून आयोगाला सांगितलं, रविवारी नको. बाकीच्या चार राज्यांची मोजणी रविवारीच झाली, मिझोरामची सोमवारी, ४ तारखेला. आम्हाला एक दिवस आराम मिळाला, तो असा.

सगळंच गोड नाही बरं का. दारूबंदीपण चर्चच्याच रेट्यानं आली, १९९७ पासून लागू. मधी एका सरकारनं दुकानं उघडली, २०१९ मध्ये दुसऱ्यानं परत बंद केली. पण प्यायची ती लोकं पितातच, चोरून आणि महाग. आपल्याकडं आडवी बाटली झालेल्या गावात ढाब्यामागं जे चालतं, तेच.

धागाकर्ता : जवानभाऊ, आडव्या बाटलीसाठी आमच्या आत्यांनी गावभर सह्या गोळा केल्या होत्या. निदान ती बायकांच्या मतांनी होते, व्यासपीठावरून कुणी सांगितलं म्हणून नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

सिस्टर, अंबाजोगाई

मी मूळची केरळातल्या कोट्टयमकडची, आता मराठीतच भांडते. आमची अम्मच्ची, म्हणजे आजी, १९५९ च्या मोर्च्यात चालली होती. तिथल्या नंबूद्रिपादांच्या कम्युनिस्ट सरकारनं शाळांचा कायदा आणला होता, चर्चच्या शाळांवर सरकारचा हात येणार म्हणून पाद्री लोक चिडले. नायर संघटना, काँग्रेस, सगळे एक झाले. ३१ जुलैला दिल्लीनं सरकार बरखास्त केलं. अम्मच्ची मरेपर्यंत ते अभिमानानं सांगायची. माझे वडील खासगी शाळेत मास्तर. त्याच कायद्यानं मास्तरांना पगाराची हमी मिळणार होती, म्हणून ते जेवताना ताटावरून उठून जायचे.

परभणीहून, एका पुतणीचं

आत्याची केस लिहिते. १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोट कायदा २००१ पर्यंत असा होता की नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोनं मात्र व्यभिचार अधिक छळ, किंवा व्यभिचार अधिक सोडून जाणं, असं जोडीनं सिद्ध करायचं. जिल्हा कोर्टानं निकाल दिला तरी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय तो पक्का नाही. आत्याला नवरा मारायचा, पण 'दुसरी' नव्हती. वकील म्हणाले, "बाई, नुसत्या मारावर नाही होत." ख्रिस्ती बायकांच्या संघटना वर्षानुवर्षं मागं लागल्या, शेवटी चर्चही सोबत आले आणि कायदा बदलला. तोवर आत्या पन्नाशीच्या. केस घातलीच नाही त्यांनी.

म्युनिक, मूळ छत्रपती संभाजीनगर

थोडं हलकं सांगतो. इथं आल्यावर पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना होता. शाळेपासूनची सवय, लिहिलं 'रोमन कॅथलिक'. पहिल्या पगारात काहीतरी कापलेलं. शेजारच्या टेबलावरची बाई हसायला लागली, म्हणाली, चर्चचा कर! प्राप्तिकराच्या ८ टक्के, आणि तो चर्चसाठी सरकारच गोळा करतं. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणे, "इथं वर्गणीला पन्नास देताना तोंड वाकडं करायचास, बरं झालं."

निवृत्त शिक्षक, जालना (पुन्हा)

जवानदादा, तुमची मोजणीची तारीख दोनदा वाचली. नोकरीत असताना एकदा निवडणुकीचं ट्रेनिंग नेमकं ईस्टरच्या रविवारी लागलं होतं. आम्ही तिघांनी अर्ज दिला. शेरा आला, 'हजर राहावे'. पाळकसाहेबांनी त्या वर्षी पहाटेची उपासना अर्धा तास अलीकडं घेतली आणि आम्ही चर्चच्या कपड्यांतच एसटी पकडली.