उन्हाने गेलेला चेहरा: लेझरसाठी दुबईला जावं का?

आगरातली_ताई

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातली, वय ४७. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मिठागरं. बारा वर्षांची होते तेव्हापासून दरवर्षी पाऊस लागेपर्यंत आगरात काम केलंय. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते, आगरात ऊन खालूनही लागतं. वाफ्यातलं पाणी चमकतं, मीठ चमकतं. डोक्याला टॉवेल गुंडाळला तरी हनुवटीखाली आणि नाकाच्या कडेला भाजतंच.

दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. पहिल्या बाळंतपणानंतर आले आणि दर उन्हाळ्यात पसरत गेले. तीन वर्षांपूर्वी शेजारणीने सांगितलं म्हणून औषधाच्या दुकानातून गोरं करणारी ट्यूब आणली. महिनाभरात चेहरा इतका उजळला की नणंदेनेही तीच घेतली. आता दोन दिवस लावली नाही तर गालांची आग होते, चेहरा लालबुंद होतो. गालांवर बारीक शिरा दिसायला लागल्यात आणि लवही वाढलीय. डाग मात्र तिथेच. डाव्या नाकपुडीजवळ एक काळपट फोडही आहे, मिरीच्या दाण्याएवढी. खपली धरते, पडते, परत धरते. वर्ष होईल.

धाकटा भाऊ दुबईत असतो. तिथल्या क्लिनिकमध्ये विचारून आलाय. लेझरच्या सहा सिटिंग, पैसे तोच भरणार. डिसेंबरात माझ्या मुलीचं लग्न आहे. तिच्या शेजारी उभी राहीन तेव्हा पदराने तोंड झाकावंसं वाटू नये, एवढीच इच्छा आहे. कोणी बाहेर जाऊन असं केलंय का? खरं काय ते सांगा.

म्हापशाचा_वाचक

ताई, माझ्या बायकोने २०१९ मध्ये बँकॉकला केलं होतं, वांगासाठीच. दोन सिटिंग झाल्या आणि आम्ही परतलो. पहिला महिना चेहरा अगदी स्वच्छ. तिसऱ्या महिन्यात जिथे लेझर लागलं होतं तिथेच आधीपेक्षा गडद डाग उठले. क्लिनिकला फोटो पाठवले तर उत्तर आलं, परत या, तिसरी सिटिंग करू. एप्रिल महिना, ती स्कूटरवरून शाळेत जाणारी, आणि विचारायला इथे कोणी नाही. आधीच्या जागी यायला दीड वर्ष गेलं. तिचं त्या काळातलं रडणं मी पाहिलंय, म्हणून लिहितोय. घाई करू नका.

फोंड्याची_डॉक्टरीण

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. ताई, तुम्ही वांगाबद्दल विचारलंय, पण मला आधी त्या फोडीबद्दल बोलायचंय. वर्षभर खपली धरून पडणारी, बरी न होणारी फोड मुरूम समजून सोडायची नसते. आपल्या सावळ्या कातडीत उन्हामुळे होणारा कर्करोग गोऱ्या लोकांपेक्षा पुष्कळ कमी होतो, पण होतो. त्यातला एक प्रकार आपल्याकडे बहुतेकदा काळपटच दिसतो, त्यामुळे तीळ म्हणून दुर्लक्षिला जातो. तुमची फोड तीच आहे असं मी न पाहता म्हणणार नाही. पण याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) त्वचा विभागात दाखवा. तुकडा काढून तपासतील. त्याआधी त्या जागी लेझर नकोच. वरचा रंग जाईल आणि खाली काय आहे ते कळणार नाही.

दुसरं, ती ट्यूब. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं स्टेरॉइडची आहेत. अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे वापरायचं हे औषध आहे, तीन वर्षं नाही. कातडी पातळ होते आणि उन्हाला आणखीच हळवी होते. एकदम बंदही करू नका, भडका उडेल. डॉक्टर हळूहळू उतरवतील. ट्यूब सोबत न्या. नणंदेलाही न्या.

लेझरची उष्णता रंगपेशींना चाळवते. म्हणून आपल्या रंगाच्या कातडीत वांगावर ते पहिला उपाय कधीच नसतं, आणि डाग गेले तरी ऊन लागलं की परत येतात. रोजचा उपाय कंटाळवाणा आहे: आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन. वांगाला नुसता डोळ्यांना दिसणारा उजेडही पुरतो आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. दोन बोटं भरतील एवढं चेहऱ्याला आणि मानेला, घाम येत असेल तर दोन तासांनी परत.

शारजात_नर्स_मूळची_डिचोलीची

डॉक्टरांशी सहमत. फक्त एक सांगते, इथले डॉक्टर वाईट नाहीत. आपल्यासारखी कातडी ते रोज बघतात. अडचण वेगळी आहे. सहा सिटिंग म्हणजे मध्ये तीन-चार आठवड्यांचं अंतर, आणि प्रत्येक वेळी परत येऊन आगरात उभं राहणं. ते अंतर सावलीत काढता येणार नसेल तर भावाचे पैसे पाण्यात जातील. त्याला दुखवू नका, बिचाऱ्याने मायेने विचारलंय. त्याला म्हणावं, थांब, आधी नाकाचं बघू.

आगरातली_ताई

उत्तर द्यायला उशीर झाला. सोमवारी गोमेकॉला जाऊन आले, नणंदही आली. भिंगातून बघितलं आणि फोडीचा तुकडा काढला, एक टाका आहे. रिपोर्ट यायचाय. डॉक्टर म्हणाल्या की काही निघालंच तरी लहान आहे, काढता येईल. रात्री झोप येत नाही, पण वर्षभर जे डोळ्याआड केलं ते कोणीतरी पाहिलं याचं बरंही वाटतं. ट्यूब आता एक दिवसाआड. भावाला फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मीच सुट्टी टाकून येतो.

सनस्क्रीन आणलंय. एक अडचण आहे. रुंद काठाची टोपी घाला म्हणतात, पण मीठ डोक्यावरून वाहताना चुंबळ ठेवावी लागते, तिच्याखाली टोपी बसत नाही. तुम्ही बायका काय करता?

रापणकाराची_लेक

आमची आई मासळीची पाटी न्यायची तेव्हा जुन्या लुगड्याचा चौपदरी तुकडा चुंबळीखाली घालायची. पुढे वीतभर बाहेर आणि कडेला खळ लावलेली, म्हणजे कपाळावर छपरासारखा राहायचा. मागचा भाग मानेवर सोडायची. फोटो काढून उद्या टाकते, ताई. रिपोर्ट आला की कळवा.