मदत हवी आहे: जुनी मोटरबोट पाण्यात दहा मिनिटांत बंद पडते, रविवारी वडिलांना न्यायचंय

सोलापूरकर_७७ | सोमवार, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. लवकर उत्तर द्या ही विनंती, हातात फक्त सहा दिवस आहेत.

गेल्या महिन्यात मालवणकडून फायबरची जुनी बोट घेतली. आयुष्यातली पहिलीच. ट्रेलरसकट एक लाख ऐंशी हजार. घरी आणून मशीन चालवून बघितलं, एकदम झकास. काल उजनीला नेली. सुरू झाली, मस्त निघाली आणि दहा-बारा मिनिटांत धाप लागल्यासारखी करून बंद. थोडं थांबलो, परत सुरू झाली, परत तेच. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा एका मासेमार दादांनी दोरी टाकून काठाला आणलं.

काय बदलायचं तेवढं सांगा. सोलापुरात बोटीचा मेकॅनिक मिळत नाही. वडिलांना रविवारचा शब्द दिलाय.

कोकणी_खलाशी | सोमवार, ८.१५

दादा, माहिती काहीच दिली नाहीत. मशीन बाहेर लावायचं ओबीएम (आउटबोर्ड मोटर) की आत बसवलेलं? किती एचपी? टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? बंद पडताना एकदम पडली की आधी जोर कमी झाला? पाठीमागच्या बारीक नळीतून पाण्याची धार येत होती का? घरी चालवलीत म्हणजे कशी चालवलीत?

बुलेटस्वार | सोमवार, ८.५०

कार्ब्युरेटर. डोळे झाकून सांगतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल सुकून जेटमध्ये राळ धरते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि टाकीच्या तळाला पाणी साचतं. माझ्या बुलेटचा हाच अनुभव. कार्ब्युरेटर खोला, जेट स्वच्छ करा, नवं पेट्रोल घाला.

सोलापूरकर_७७ | सोमवार, ९.३०

ओबीएमच हो, ४० एचपी, टू स्ट्रोक. बोट सोळा फुटी. धार येत होती. घरी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मशीन बुडवून पाच-सात मिनिटं चालवलं. पेट्रोल नवंच आहे, परवा पंपावरून आणलं.

कार्ब्युरेटर खोलायला मी तयार आहे, पण दोष तोच आहे हे नक्की का? एवढं खोलून पुन्हा जमलं नाही तर रविवार जाईल.

हिशोबनीस | सोमवार, १०.०५

मशीन बाजूला ठेवा, कागद आहेत का? इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट २०२१ आल्यापासून मशीनवर चालणाऱ्या बोटीची नोंदणी लागते, ते काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे. बोट आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर हस्तांतर करून घ्या. विक्रीच्या कागदावर मशीनचा नंबर आणि बोटीचा नंबर दोन्ही लिहून घेतलेत का? जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, तिथली परवानगी वेगळी. मी एकदा सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला होता, इंजिन नंबर जुळत नव्हता. दोन वर्षं चकरा मारल्या.

सोलापूरकर_७७ | सोमवार, १०.२०

कागदांचं बघतो, पण प्रश्न तो नाहीये.

कोकणी_खलाशी | सोमवार, १०.४५

प्रश्न तोही आहे. असो.

इंपेलर बदला. मशीनच्या पायात पाणी खेचणारा रबरी पंखा असतो तो. बोट दोन वर्षं काठावर पडून असली की रबर वाकून कडक होतं, पाकळ्या तुटतात. मंद चालवताना धार येते, जोर दिला की पाणी पुरत नाही, मशीन तापतं आणि बसतं. थंड झालं की परत सुरू होतं. तुमचं वर्णन अगदी तसंच आहे. मालवणची बोट म्हणजे खाऱ्या पाण्यातली, आतल्या वाटा मिठाने भरलेल्या असणार. मी वीस वर्षं पर्यटकांच्या बोटी चालवतोय. जुनी बोट घेतली की पहिल्याच दिवशी इंपेलर नवा, मग बाकीचं.

माढेकर | सोमवार, ११.१०

बोट विकत कशाला घेतली म्हणे? भाड्याने मिळते की. भिगवणला पक्षी बघायला नेतात त्या बोटी ठरवायच्या, डोक्याला ताप नाही.

खवय्या_सोलापुरी | सोमवार, ११.३०

भिगवणला गेलात तर चिलापी फ्राय खाल्ल्याशिवाय येऊ नका. सोबत ज्वारीची कडक भाकरी आपली घरची न्या.

रोहितपक्षी | सोमवार, ११.५५

हिवाळ्यात रोहित पक्षी असतात तिकडे. मोटरबोट थव्याजवळ नेऊ नका, अख्खा थवा उठतो आणि दिवसभर चरत नाही. एवढं ऐका.

भीमातीर | सोमवार, दुपारी १.३०

मी करमाळ्याकडचा, घरात तीन पिढ्या मासेमारी. दोन गोष्टी विचारतो, मग मशीनचं बोलू.

एक, बोटीवर लाईफ जॅकेट किती? दोन, मशीन बंद करायची लाल दोरी, जी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात, ती आहे का?

आमच्याकडं २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. उजनी नदीसारखी वाटते, पण मधोमध गेल्यावर दोन्ही काठ लांब राहतात. उन्हाळ्यात दुपारनंतर वळवाचं आभाळ भरलं की वारा कुठून येतो कळत नाही, अर्ध्या तासात लाटा उठतात. मशीन त्याच वेळी बंद पडलं की बोट वाऱ्याला आडवी होते. म्हणून सांगतो, बंद पडणारं मशीन घेऊन म्हाताऱ्या माणसाला पाण्यावर नेऊ नका. रविवार परत येईल.

तेलाचं बघा. टू स्ट्रोकला आम्ही मापापेक्षा जरा जास्तच तेल घालतो, मशीन टिकतं.

कोकणी_खलाशी | सोमवार, १.५०

तेल जास्त घालू नका. बहुतेक टू स्ट्रोक ओबीएमना ५०:१, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तकात काय आहे ते बघून घ्या. जास्त तेलाने प्लग काळे होतात. आणि तेल बोटीचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. स्कूटरचं टू टी नको. ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, हे मशीन पाण्यावर थंड होतं.

भीमातीर | सोमवार, २.०५

आमची मशीनं पंधरा-पंधरा वर्षं चाललीत तशी.

कोकणी_खलाशी | सोमवार, २.१०

आणि पंधरा वर्षांत प्लग किती बदलले, तेही सांगा.

बुलेटस्वार | सोमवार, २.४०

तेल असो, पंखा असो, मी अजूनही कार्ब्युरेटरवर आहे.

दिवाबत्ती | सोमवार, रात्री ९.१५

मी इथे नवीन, पण अशी बोट चार वर्षं वापरली आहे. धागाकर्त्यांनी टाकीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. टाकी बोटीत बसवलेली की सुटी, लाल प्लॅस्टिकची? नळीच्या मध्ये रबरी फुगा असतो, हाताने दाबून पेट्रोल चढवायचा. मशीन बंद पडलं तेव्हा तो फुगा कसा होता, कडक, मऊ की चपटा?

सोलापूरकर_७७ | सोमवार, ९.५०

लाल प्लॅस्टिकची, सुटी, २४ लिटर. फुगा... तुम्ही विचारल्यावर आठवलं, चपटा झाला होता, आत चोखल्यासारखा. मला वाटलं रबर जुनं झालं म्हणून. नवा फुगा मागवू का?

दिवाबत्ती | सोमवार, १०.०५

काही मागवू नका. फुगा आत चोखला जातो याचा अर्थ मशीन पेट्रोल ओढतंय, पण टाकीतून ते येत नाही. कार्ब्युरेटर तुंबला असता तर फुगा कडक राहिला असता. टाकीच्या झाकणावर मधोमध एक छोटा स्क्रू असतो, हवा आत यायचा. तो सैल आहे का?

आणि एक सांगा, घरी ड्रममध्ये चालवलंत तेव्हा झाकण लावलेलं होतं का?

सोलापूरकर_७७ | सोमवार, १०.२०

घरी झाकण उघडंच होतं. बाटलीने पेट्रोल-तेल ओतत होतो ना. धरणावर मात्र घट्ट लावलं, मुलगा बरोबर होता आणि पेट्रोलचा वास त्याला सहन होत नाही.

स्क्रू बघितला. पूर्ण आवळलेला आहे. विकणाऱ्याने ट्रेलरवरून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून आवळला असणार. तो सोडायचा असतो हे मला माहीतच नव्हतं.

दिवाबत्ती | सोमवार, १०.३०

मग झालं. मशीन पेट्रोल ओढत गेलं, टाकीत हवा शिरली नाही, दहा मिनिटांत आत पोकळी झाली. थांबलात तेव्हा फटीतून थोडी हवा गेली, म्हणून परत सुरू झालं. पाण्यावर स्क्रू दोन आटे सैल ठेवा, रस्त्यावर बंद करा.

बुलेटस्वार | सोमवार, १०.४५

हे असू शकतं, मान्य. तरी इतकी वर्षं पडून असलेलं मशीन आहे, कार्ब्युरेटर एकदा साफ कराच.

कोकणी_खलाशी | सोमवार, ११.००

दिवाबत्ती यांचं बरोबर वाटतं. मी फुग्याबद्दल विचारायला हवं होतं, राहून गेलं. इंपेलर मात्र बदला हे मी मागे घेत नाही. आणि गिअर ऑइल बघा. खालच्या पायाचा सगळ्यात खालचा स्क्रू सोडायचा, तेल काळं-हिरवं आलं तर ठीक, दुधाळ आलं तर आत पाणी शिरलंय. उजनीत जाळी फार, आणि नायलॉनचा दोरा बाहेरच्या पंख्यामागे, म्हणजे प्रोपेलरमागे, गुंडाळला की तेलाचा सील कापतो. पंखा काढून मागे दोरा आहे का बघा. जुनी बोट घेतल्यावर हे कोणी बघत नाही.

मशीनच्या पायावर करड्या धातूचा जो ठोकळा असतो, मशीनऐवजी स्वतः झिजणारा, तोही बघा. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचा लावतात. गोड्या पाण्यात त्यावर थर चढतो आणि तो काम करत नाही. मॅग्नेशियमचा लावा.

भीमातीर | सोमवार, ११.२०

जाळ्याचं शंभर टक्के खरं. पांढरी थर्मोकोलची तरंगणारी तुकडी दिसली की तिच्याखाली जाळं समजायचं, लांबून वळायचं.

धागाकर्ते, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत.

सोलापूरकर_७७ | मंगळवार, सकाळी ६.५०

भीमातीर दादा, माफ करा. खरं सांगायचं तर जॅकेट दोनच आहेत, तीही बोटीबरोबर आलेली, एकाचा बक्कल तुटलेला. लाल दोरीही नाही, तिच्या जागी आधीच्या मालकाने तार गुंडाळलीय. परवा मुलाला बसवून नेलं होतं, हे लिहितानाच मला कसंतरी होतंय.

घाई का आहे ते आधी लिहिलं नाही. वडील ७४ वर्षांचे. आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली गेलं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याआधीच लोक उठले. वडील तेव्हा पंचविशीतले. पाणी उतरलं की चौथऱ्याचे दगड दिसतात म्हणतात, पण आता चिखलातून चालवत नाही त्यांना. मागच्या दिवाळीत म्हणाले, एकदा वरून तरी जाऊन येऊ. बोट त्यासाठीच घेतली.

भीमातीर | मंगळवार, ७.३०

आमचंही गाव गेलं त्यात.

तार आजच काढा. तुम्ही पाण्यात पडलात तर बोट चालूच राहील आणि पंखा फिरत वळून तुमच्याच अंगावर येईल. दोरी आणि क्लिप मशीनच्या कंपनीची मागवा, शे-दीडशेच्या नादात दुसरी लावू नका, नीट बसत नाही. जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा, हनुवटीच्या वर गेलं तर ते पाण्यात निघून जाईल. वडिलांना काठावरच घाला, पाण्यात गेल्यावर नाही.

गाव ज्या बाजूला आहे तिथं पाणी उतरतं तसं विहिरींचे कठडे, बाभळीचे बुंधे, देवळाचे दगड पाण्याच्या अगदी खाली येतात, वरून दिसत नाहीत. पळसदेवला देऊळ वर येतं तसंच. तिथं मशीन मंद, नाहीतर वर उचलून वल्ह्याने. वल्ही दोन आणि दोरी वीस मीटर तरी. सकाळी सातला उतरा, दहाच्या आत काठावर. बोट उतरवायला जागा मी दाखवतो. काळी माती आहे, चाकं रुततात, ट्रॅक्टर लागेल.

सोलापूरकर_७७ | शनिवार, संध्याकाळी ६.१०

अपडेट देतो. तार काढली, कंपनीची दोरी गुरुवारी कुरिअरने आली. स्क्रू दोन आटे सैल करून आज एकट्याने, भीमातीर दादांच्या पुतण्याची बोट शेजारी ठेवून, काठाकाठाने पन्नास मिनिटं चालवली. एकदाही बंद पडली नाही. फुगा शेवटपर्यंत कडक होता. पंख्यामागून बोटभर नायलॉनचा गुंता निघाला, कोकणी दादांचं म्हणणं खरं ठरलं.

उद्या जात नाही. वडिलांना सांगितलं, पुढच्या रविवारी. ते म्हणाले, पंचेचाळीस-पन्नास वर्षं थांबलोय, आठ दिवसांनी काय होतंय. जॅकेट चार मागवलीत, बुधवारी येतील. नोंदणीचे कागद हिशोबनीस म्हणतात तसे विकणाऱ्याकडून मागवलेत.

आता एकच अडलंय. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू हलत नाही. स्क्रूड्रायव्हरने खाच थोडी खराबही झाली. काय करू?

कोकणी_खलाशी | शनिवार, ६.४०

आता स्क्रूड्रायव्हर लावूच नका, खाच पूर्ण गेली की स्क्रू ड्रिलनेच काढावा लागेल. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, हातोडीने ठोकायचा तो, खाचेत पूर्ण बसेल अशा टोकाचा, आणि जोरात एकच ठोका. निघाला की जुना वॉशर फेकून नवा घाला. दुधाळ आलं तर लिहा.

दिवाबत्ती | शनिवार, ६.५५

ठोकायच्या आधी मशीन नीट टेकवा. ते ट्रेलरवर लटकतं राहिलं तर ठोक्याचा जोर ब्रॅकेटवर जातो.