मदत हवी आहे : माऊसने पट्टी नीट ओढली जाते, बोटाने ओढली की मध्येच अडकते

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीसाठी छोटं वेब ॲप करतोय. डावीकडे सौदा झालेल्या लॉटच्या पट्ट्या, उजवीकडे गाड्या. पट्टी ओढून गाडीवर सोडली की त्या गाडीची पोती आणि वजन वाढतं. लायब्ररी नाही, साधं जावास्क्रिप्ट. आधी माऊसडाऊन, माऊसमूव्ह, माऊसअप (बटण दाबलं, माऊस हलला, बटण सोडलं हे कळवणारे इव्हेंट) होतं. मोबाईलसाठी सगळं पॉइंटर इव्हेंटवर, म्हणजे माऊस आणि बोट दोन्हींना चालणाऱ्या इव्हेंटवर, नेलं. लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) यादी आणि गाड्या ज्या डिव्हमध्ये, म्हणजे पानावरच्या चौकटीत, आहेत त्यावर लावलेत.

लॅपटॉपवर बऱ्यापैकी चालतं. पण दिवाणजी लॅपटॉप उघडतच नाहीत. एका हातात पावतीपुस्तक, दुसऱ्यात मोबाईल, सगळं काम अंगठ्यावर. तिथे पट्टी जराशी सरकते नि थबकते, आणि पान वरखाली व्हायला लागतं. त्यानंतर पॉइंटरमूव्ह नाही, पॉइंटरअपही नाही. एखादवेळी पोचलीच गाडीपर्यंत, तर पॉइंटरअपचं टार्गेट (इव्हेंट ज्यावर घडला तो भाग) म्हणून गाडी न मिळता तीच पट्टी मिळते. माऊसला असं होत नाही, कारण ओढताना पट्टीला सीएसएसमधून पॉइंटर-इव्हेंट्स नन करतो, म्हणजे इव्हेंट तिच्या आरपार खालच्या गाडीला मिळतो. लॅपटॉपवर एकच तक्रार : डिव्हच्या बाहेर जाऊन बटण सोडलं की पट्टी कर्सरला चिकटून बसते.

पॉइंटरडाऊनमध्ये प्रिव्हेंटडीफॉल्ट (ब्राउझरने स्वतःचं नेहमीचं काम करू नये असं सांगणं) टाकून पाहिलं, काडीचा फरक नाही. कुठे बघू?

प्रतिसाद १
थबकते त्या क्षणी पॉइंटरकॅन्सल (स्पर्श रद्द झाल्याचा इव्हेंट) येत असणार, लॉग टाकून बघा. ब्राउझरला वाटतं बोट स्क्रोलसाठी फिरतंय, मग तो स्पर्श स्वतःकडे घेतो आणि तुम्हाला पुढचं काही कळवत नाही. पॉइंटरडाऊनवरच्या प्रिव्हेंटडीफॉल्टने स्क्रोल थांबत नाही. ते सीएसएसमधल्या टच-ॲक्शनवर (बोटाच्या हालचालीवर ब्राउझरने काय करायचं ते सांगणारी सेटिंग) ठरतं, आणि बोट टेकतं तेव्हाच ठरतं. पॉइंटरडाऊनच्या आत स्टाईल बदलायला गेलात तर वरात निघून गेलेली असते.

आता अख्ख्या पट्टीला टच-ॲक्शन नन (ब्राउझरने काहीच करू नये) लावू नका हं! यादी पट्ट्यांनीच भरलेली, मग स्क्रोल करायला बोट ठेवायचं कुठे? पट्टीच्या कडेला पकडायला सहा ठिपक्यांची जागा द्या, नन फक्त तिला. आणि पॉइंटरकॅन्सल आला की पट्टी मूळ जागी परत, हा कोड लिहाच.

प्रतिसाद २
टार्गेटचं कोडं : स्पर्शात पॉइंटरडाऊन ज्या एलिमेंटवर झाला, पुढचे सगळे इव्हेंट त्यालाच बांधले जातात. म्हणून सोडताना टार्गेटवर विसंबू नका. डॉक्युमेंटच्या एलिमेंटफ्रॉमपॉइंटला (त्या जागी कोणता एलिमेंट आहे ते सांगतं) क्लायंटएक्स, क्लायंटवाय म्हणजे बोटाची जागा द्या, मिळेल त्यावर क्लोजेस्ट (त्याला वेढणारा जवळचा एलिमेंट शोधतं) लावून गाडी शोधा. पट्टीचं पॉइंटर-इव्हेंट्स नन इथे कामी येतंच.

लॅपटॉपवर पट्टी चिकटते त्यावर उपाय म्हणजे पॉइंटरडाऊनमध्ये सेटपॉइंटरकॅप्चर, म्हणजे त्या पॉइंटरचे पुढचे इव्हेंट एकाच एलिमेंटला बांधणं. मग माऊस कुठेही जाऊ दे, पॉइंटरअप तुमच्याकडेच येतो. फक्त ओढताना पट्टी डॉमच्या झाडातून (पानावरच्या एलिमेंटची रचना) काढून दुसरीकडे जोडू नका, कॅप्चर सुटतं. सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने नुसती दिसायला सरकवा.

प्रतिसाद ३
कोणी टचमूव्हवर (बोट हलल्याचा जुना इव्हेंट) प्रिव्हेंटडीफॉल्ट करा म्हणेल. करता येतं, पण डॉक्युमेंटवर लावलेले टचमूव्ह लिसनर क्रोम ५६ पासून, म्हणजे २०१७ पासून, आपोआप पॅसिव्ह, म्हणजे स्क्रोल थांबवू न शकणारे, धरले जातात. पॅसिव्ह फॉल्स स्पष्ट लिहिलं नाही तर कन्सोलमध्ये नुसती कुरकुर, पान सरकतच राहतं. दाबून धरल्यावर ओढायचं असेल तरच त्या वाटेला जा. तुम्हाला गरज दिसत नाही.

धागाकर्ता
पॉइंटरकॅन्सलच होता. ठिपके आणि कॅप्चर दोन्ही बसवलं, पट्टी गाडीपर्यंत जातेय, सोडल्यावर वजनही बरोबर चढतंय. आता दिवाणजींचं नवीन : "ओढायचं कशाला? लॉटवर टिचकी, गाडीवर टिचकी, झालं." ओढणं काढून टाकू का?

प्रतिसाद २
काढू नका, दोन्ही ठेवा. दिवाणजी नकळत नियमाचं बोललेत. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं) २.५.७ हा निकष हेच सांगतो : ओढून होणारं काम न ओढताही करता आलं पाहिजे. हात थरथरणाऱ्यांची सोय होते. गाडी यादीच्या खाली दडलेली असली तर टिचकीवाल्याला आधी स्क्रोल करता येतं, म्हणजे कडेला आपोआप सरकणारी यादी लिहायचं कामही पुढे ढकलता येईल. फक्त पाच-सहा पिक्सेलपेक्षा जास्त हललं तरच ओढणं समजा, नाहीतर प्रत्येक टिचकी ओढण्यात मोजली जाईल.